पहिल्या भेटीतच सांग

*ताई, मी २७ वर्षांची आहे. लालबागला चाळीत राहते, लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. बाबांनी शाळेत असताना जमवलेले मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे (वेताळ, मँड्रेक यांच्या चित्रकथांचे) अंक वाचत मी मोठी झाले. पुढे मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स आली, भुताखेतांचे सिनेमे आले आणि कॉलेजात यूएफसीच्या व्यावसायिक फाइट बघायचं वेड लागलं. दोन वर्षांपासून मी स्वतः एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती असं सगळं चालणारी लढत) शिकते. या वर्षी पहिली हौशी फाइट खेळायला हरकत नाही, असं कोच म्हणतात. घरात मात्र स्थळं बघणं सुरू आहे. येत्या रविवारी ठाण्याचा एक मुलगा बघायला येणार आहे. आई म्हणते, ‘वाचनाची आवड आहे एवढंच सांग, बाकीचं लग्नानंतर हळूहळू कळेल.’ (आईचं माहेर कराडचं, पण कुस्तीचं नाव काढलं तरी ती फक्त माझ्या नाकाबद्दल बोलते.) आत्या म्हणते, मुलीच्या जातीला रक्त आणि मारामारी बघायला आवडते म्हणजे डोक्यात काहीतरी बिघाड आहे. बाबा काहीच बोलत नाहीत. त्यात चाळ पुनर्विकासाला गेली आहे. दोन महिन्यांत भाड्याच्या घरात जायचंय आणि आई अंकांची पेटी रद्दीत घालायला निघाली आहे. मी काय लपवू आणि काय सोडू?*
*— लालबागची वाचक*

प्रिय मैत्रिणी,

काही लपवू नकोस. रविवारी पाहुणे येतील, पोहे-चहा होईल, मग ‘तुम्ही दोघं जरा बोला’ म्हणून तुम्हाला बाहेर गॅलरीत पाठवतील. तिथे पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाक. कॉमिक्स, भुतांचे सिनेमे, फाइट बघणं, फाइट शिकणं आणि आता खेळायचं ठरवलंयस ते, सगळं.

जागेअभावी तुझं पत्र मला कापावं लागलं. कापलेल्या भागात तू एक अख्खं पान आर्मबार या डावावर लिहिलं आहेस. समोरच्याचा हात कोपरातून कसा अडकतो, कंबर कधी उचलायची, तो कधी टॅप करणार, म्हणजे थोपटून हार मानणार, हे आधीच कसं जाणवतं. त्याआधीच्या दोन पानांत स्थळ, पगार, शिक्षण असं सगळं होतं आणि ती पानं कुणीही लिहिली असती. आर्मबारचं पान फक्त तूच लिहू शकतेस. त्या पानावरची मुलगी ठाण्याच्या त्या मुलाला भेटायला हवी. ‘वाचनाची आवड’ प्रत्येक बायोडाटात असते आणि त्यातून कुणाला काही कळत नाही.

‘लग्नानंतर हळूहळू कळेल’ म्हणजे नक्की कसं कळेल, याचाही विचार कर. दंडावरचा काळानिळा डाग आधी सासूबाईंना दिसेल. रविवारी सकाळी सगळे देवदर्शनाला निघतील आणि टीव्हीवर तुझी यूएफसीची मुख्य फाइट सुरू होत असेल. दोन खोल्यांच्या घरात दोन वर्षांची सवय दोन आठवडेही लपत नाही. जे आज सांगितलं तर आवड ठरेल, तेच उद्या सापडलं तर फसवणूक ठरेल, आणि तेव्हा तुझ्या बाजूने बोलायला आईकडेही शब्द उरणार नाहीत.

सांगताना परवानगी मागू नकोस आणि माफीही मागू नकोस. ‘मला जरा वेगळीच आवड आहे, तुम्हाला विचित्र वाटेल’ अशी सुरुवात केलीस, तर त्याने विचित्र मानावं हे तूच त्याला शिकवलंस. सरळ सांग: मी आठवड्यातून इतके दिवस ट्रेनिंगला जाते, या वर्षी फाइट खेळणार आहे, घरी इंद्रजालची पेटी आहे. मग तो काय विचारतो ते ऐक. पहिल्यांदा हसला तर मनाला लावून घेऊ नकोस. अशा भेटीत मुलंही घाबरलेली असतात आणि काय बोलावं न सुचल्याने हसतात. त्याचा त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा. ‘लागत नाही का?’, ‘हे शिकावंसं का वाटलं?’, ‘वेताळ म्हणजे तोच ना, डेंकालीच्या जंगलातला?’ असं काही आलं तर बोलणं पुढे ने. ‘लग्नानंतर सोडशील ना?’ आलं, तर त्याला काय हवंय ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं आहे. तूही प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हण आणि चहाचे कप आत घेऊन जा. त्याला हे सगळं आवडलंच पाहिजे असं मात्र नाही. तुला दाराशी वाट अडवणारा नको, एवढंच. आणि त्यालाही विचार, सुट्टीच्या दिवशी कशात वेळ जातो, घरच्यांना न आवडणारं काय करतोस. त्याच्याकडेही कुठेतरी एक पेटी असेल.

लग्न आणि कुस्ती हे दोन शब्द एका दमात उच्चारणारी बाई या मुलखाने पाहिली आहे. हमीदा बानू. १९५४ मध्ये तिने जाहीर आव्हान दिलं होतं की जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. त्या वर्षी मे महिन्यात बाबा पैलवान नावाच्या मल्लाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री-पैलवानाला तिने एका मिनिटाच्या आत लोळवल्याची नोंद आहे. पुरुषांशी लढते म्हणून तिच्यावर टीका झाली, विरोधामुळे तिची एक लढत रद्दही झाली. पुढे ती कल्याणला राहत होती. तिने युरोपला लढायला जाऊ नये म्हणून तिच्याच जोडीदाराने तिला मारहाण केली, हात मोडले, असं तिच्या कुटुंबीयांनी सांगितलं आहे. मैदानात पुरुषांना चीत करणाऱ्या बाईच्या घरात मात्र असं झालं, ही गोष्ट मला फार लागते. म्हणून मी तुला पहिल्या भेटीचा एवढा आग्रह करते आहे. जोडीदार तुझ्या ताकदीकडे कसा बघतो, हे तुला हॉल बुक होण्याआधी कळायला हवं.

आता आत्याबाईंचा मुद्दा. तुझ्या डोक्यात काही बिघाड नाही. ही भीती जुनी आहे आणि तिची एकदा चांगली तपासणीही झाली आहे. १९५४ मध्येच अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात असं पुस्तक लिहिलं. सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली, भुतांची आणि गुन्हेगारीची कितीतरी मासिकं बंद पडली. ती संहिता पूर्णपणे संपायला २०११ उजाडलं. पुढच्याच वर्षी कॅरोल टिली या अभ्यासक बाईंनी वर्थम यांची मूळ कागदपत्रं वाचून दाखवून दिलं की मुलांच्या मुलाखतींत त्यांनी सोयीप्रमाणे फेरफार केले होते. तेवढ्या काळात किती चित्रकारांची कामं गेली असतील! आत्याबाईंना हे शांतपणे सांग. वाद जिंकायला नको, माहिती म्हणून सांग.

आणि हेही सांग की भयाची आवड आपल्या घरात परदेशातून आलेली नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा मराठी माणसाने रात्री दिवा चालू ठेवून वाचल्या आहेत. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू १९९३ पासून आपल्या मुलांना घाबरवतो आहे, आणि तो बाहुला केला रामदास पाध्ये यांनी, ज्यांचे बोलके बाहुले आत्याबाईंनी टीव्हीवर कौतुकाने पाहिले असतील. सुरक्षित जागी बसून भीती अनुभवायची, शेजारच्याचा हात धरायचा आणि संपल्यावर हसत बाहेर पडायचं, हा मनाचा चांगला व्यायाम आहे. माणूस क्रूर होतो तो समोरच्याचं दुःख दिसेनासं झाल्यावर. तू तर पत्रात लिहितेस की हरलेल्या फायटरची मुलाखत ऐकताना तुला रडू येतं.

‘मुलीच्या जातीला’ हे जे आहे, त्याचं उत्तर तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९३५ साली ‘हंटरवाली’ आला. त्यात हातात चाबूक घेऊन गुंडांना बडवणारी, घोड्यावरून झेप घेणारी नायिका होती फिअरलेस नादिया. ती मूळची ऑस्ट्रेलियातल्या पर्थची आणि स्टंट स्वतःच करायची. हे सिनेमे काढणाऱ्या वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ परळला होता, लवजी कॅसलमध्ये. पुढे १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्याच जागी राजकमल कलामंदिर सुरू केलं. मुंबईत बाईने पडद्यावर पुरुषांना उचलून आपटलं ते परळमध्येच, आणि पब्लिकने ते डोक्यावर घेतलं. तू वेगळं काही करत नाहीयेस. आपल्याच वस्तीतली जुनी गोष्ट पुढे नेते आहेस.

ऑफिसातली मुलं तुझी परीक्षा घेतात, ‘खरी फॅन असशील तर अमुक हिरो पहिल्यांदा कुठल्या अंकात आला सांग’ असं विचारतात, तेही तू लिहिलं आहेस. उत्तर येत असेल तर दे, नसेल तर येत नाही म्हण. आवडीला प्रवेशपरीक्षा नसते. पुढे.

फाइट खेळण्याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे आईची भीती खोटी नाही. ती नाकाबद्दल बोलते. नाकाची मला फारशी काळजी नाही, नाक बरं होतं. मला काळजी डोक्याची आहे. बॉक्सरांना डोक्यावरच्या माऱ्यामुळे पुढे जो त्रास होतो त्याबद्दल हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं. चाल अडखळते, बोलणं जड होतं, विसर पडतो. तेव्हापासून आजपर्यंत वैद्यकशास्त्र तेच अधिक बारकाईने सांगत आलं आहे: मेंदूला बसलेले छोटे हादरेही साठत जातात. हेडगार्डने जखमा कमी होतात, कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. माउथगार्डने दात वाचतात. आणि हे हादरे फाइटच्या दिवशी कमी, स्पारिंगमध्ये म्हणजे जोडीदाराशी होणाऱ्या सरावाच्या लढतीत जास्त बसतात. फाइट वर्षातून एखादी होणार, स्पारिंग दर आठवड्याला.

म्हणून कोचला जाऊन विचार. आठवड्यातून किती वेळा जोरात स्पारिंग होतं? माझ्या वजनाची जोडीदार आहे का, की मला जास्त वजनाच्या मुलांसमोर उभं करतात? कुणाला डोक्याला लागलं तर पुन्हा मॅटवर कधी घेता, आणि ते कोण ठरवतं? शेवटच्या प्रश्नाला ‘डॉक्टर’ हे उत्तर यायला हवं. ‘बघून ठरवतो’ आलं तर जिम बदल. चांगला कोच हे प्रश्न ऐकून खूश होतो.

स्वतःपुरता एक नियम कर आणि तो मोडू नकोस. डोक्याला मार बसून गरगरलं, डोकं दुखत राहिलं, मळमळलं, उजेड सहन होईना किंवा दोन मिनिटांपूर्वीचं आठवेना, तर त्या दिवशी ट्रेनिंग तिथेच थांबलं. ‘ठीक आहे मी’ म्हणायचं नाही. डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय स्पारिंग नाही. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर तो जिवावर बेतू शकतो. उलट्या होत असतील, शुद्ध हरपली किंवा डोकेदुखी वाढत गेली तर घरी वाट बघत बसू नकोस. केईएम तुझ्या घराजवळ आहे, थेट तिथल्या अपघात विभागात जा.

पहिल्या फाइटसाठी पाणी तोडून वजन उतरवू नकोस. मोठे फायटर करतात म्हणून आपणही करायचं, हे नवख्यांच्या अंगाशी येतं. शरीरातलं पाणी कमी झालेल्या माणसाने डोक्यावर मार खाणं जास्त धोक्याचं आहे, असं मानणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. तुझं रोजचं जे वजन आहे त्या गटात खेळ. रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरांचं लेखी पत्र आणि सामन्याच्या जागी डॉक्टर व रुग्णवाहिका यातलं काहीही आयोजक टाळत असतील, तर नाव काढून घे. मुंबईच्या दमट हवेत मॅटवरून गजकर्ण हमखास येतं, त्याकडेही दुर्लक्ष करू नकोस. स्टिरॉइड घातलेली मलमं मेडिकलमधून स्वतःच आणून लावलीस तर ते दबतं आणि पुन्हा उसळतं.

एवढं सगळं मी तुला घाबरवायला लिहिलेलं नाही. मला तू ही फाइट खेळायला हवी आहेस. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं तेव्हा मेरी कोम जुळ्या मुलांची आई होती आणि तिने ब्राँझ मिळवलं. जून २०२४ मध्ये पूजा तोमरने यूएफसीत लढत जिंकली, असं करणारी ती पहिली भारतीय महिला. ज्या वाटेवर तू पाय ठेवते आहेस ती नवी आहे, अवघड आहे आणि खरी आहे. फक्त दोन कारणांसाठी खेळू नकोस: आत्याला दाखवून द्यायला, आणि लग्नाआधी एकदाचं उरकून टाकायला. घाईने घेतलेली फाइट तयारीशिवाय होते. सहा महिने लागणार असतील तर लागू देत. तेवढ्यात लग्न ठरलं तर ठरू दे, तारीख फाइटच्या कॅलेंडरला बघून काढा. परीक्षा आणि ऑडिट बघून लोक तारखा काढतातच की.

आईला जिममध्ये ने. स्पारिंगच्या दिवशी नको, टेक्निकच्या दिवशी ने. कराडची बाई आहे, तिला पट काढणं म्हणजे काय हे कुणी समजावायला नको. तू समोरच्याच्या पायात शिरून त्याला खाली आणतेस ते तिला ओळखीचं वाटेल. शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून ब्राँझपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, तेव्हा कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. त्यांना पाठवण्यासाठी गावाने वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते. हे तुझ्या आईने लहानपणी ऐकलं असणार. तिला विचार, आजोबांनी काय सांगितलं होतं. तिला बोलू दे. तुझी बाजू मांडायला त्या दिवशी फार घाई करू नकोस.

राहिली पेटी. रद्दीत अजिबात नाही. इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं. नंतर ते तसं पुन्हा निघालं नाही. वेताळ, मँड्रेक, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर, हे सगळं ज्या मराठीत आलं ती मराठी त्या अंकांतच आहे. इंग्रजी अंक शोधणारे बरेच असतात. मराठी अंक घराघरांतून असेच रद्दीत गेले, म्हणून उरलेले जपायला हवेत. विकायचा विचार असेल तरी आत्ता, घर बदलायच्या गडबडीत विकू नकोस. पडेल भावाने जातील.

आधी पेटी उघडून सगळे अंक एका कोरड्या दिवशी पंख्याखाली पसर. उन्हात नको, रंग उडतात. कसर लागलेले अंक वेगळे काढ, बाकीच्यांत मिसळू नकोस. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नकोस, काही वर्षांत ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर कधीच नाही. प्रत्येक अंकाची यादी कर: क्रमांक, नाव, वर्ष. मुखपृष्ठाचा मोबाइलवर फोटो काढ. प्लास्टिकच्या पिशवीत घालणार असशील तर अंक पूर्ण कोरडा असू दे आणि सिलिका जेलची पुडी टाक, नाहीतर पावसाळ्यात आतच बुरशी धरेल. भाड्याच्या घरात पेटी माळ्यावर आणि बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नकोस, गळतं ते तिथेच. पलंगाखाली विटांवर ठेव. पोचायला सोपी जागा बरी, कारण अंक मधूनमधून उघडून बघितले तरच टिकतात.

हे सगळं तू एकटी करू नकोस. अंक बाबांचे आहेत. तुझ्या पत्रात सगळे बोलतात आणि बाबा तेवढे गप्प आहेत, आणि मला वाटतं अर्धा प्रश्न त्या गप्प राहण्यात आहे. तुझ्या हातात पहिला वेताळ त्यांनीच दिला. आता त्याच आवडीचा सगळा जाब तुला एकटीला द्यावा लागतो आहे, हे बरोबर नाही. शनिवारी संध्याकाळी पेटी खाली काढ आणि त्यांना यादी करायला बसव. आई तिथेच असू दे. यादी करता करता त्यांना स्पष्ट सांग की उद्या मी पाहुण्यांना सगळं सांगणार आहे, आणि मी सांगितल्यावर तुम्ही खोलीत असायला हवं. पाहुण्यांनी वळून बघितलं तर ‘हो, माझ्याकडूनच लागलं हे वेड’ एवढं एक वाक्य त्यांनी बोलावं, ही माझीही त्यांना विनंती आहे. हे सदर त्यांना वाचायला दे.

तुझी,
ताई